नॉमिकमधला न्याय आणि कवड्यांचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट रविवारी दुपारी दादरला एका घरी जमतो आणि नॉमिक खेळतो. नवा भिडू आला की पहिल्या तासात तेच ते प्रश्न येतात, आणि जुन्या भिडूंची भांडणंही त्याच प्रश्नांवरून होतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ती आमच्या गटाच्या सवयीची आहेत. तुमच्या टेबलावर तुमचा कायदा.

हा खेळ आहे तरी काय?

नियम बदलणं हीच ज्यातली चाल, असा खेळ. अमेरिकेत अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पीटर सूबर यांनी तो रचला. जून १९८२मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरात तो छापून आला आणि लोकांना कळला. सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ हे सोळा पक्के, २०१ ते २१३ हे तेरा कच्चे. कच्चा नियम ठरावाने बदलतो, रद्द होतो. पक्क्याला हात लावायचा तर आधी सगळ्यांच्या एकमताने तो कच्चा करून घ्यावा लागतो. पाळी आली की एक ठराव लिहून मांडायचा, मतदान घ्यायचं, मग फासा टाकायचा. पडतील तेवढे गुण तुमचे. शंभरला जो आधी पोचेल तो जिंकला. अर्थात हे सगळं बदलेपर्यंत.

इंटरनेटवर 'अगोरा' नावाचा असाच एक डाव जून १९९३पासून सुरू आहे. आमचे डाव सहसा संध्याकाळच्या चहापर्यंत दम धरतात.

किती जण लागतात?

पाच ते सात. तिघांत मतदानाला अर्थ राहत नाही. आठच्या वर गेलात तर आपली पाळी येईपर्यंत माणूस मोबाइल काढून बसतो.

मूळ नियमांत गुणांची व्यवस्था आहेच. मग समतोल बिघडतो कुठे?

त्या व्यवस्थेकडे नीट बघितलं पाहिजे, कारण बरीचशी मेख तिथेच आहे.

फाशावर सरासरी साडेतीन गुण पडतात. नुसत्या फाशावर शंभर गाठायचे तर साधारण २९ पाळ्या लागतील. पण दुसरी फेरी संपली की, कोणी मध्ये काही बदललं नसेल तर, एकमताची अट आपोआप जाते आणि साधं बहुमत पुरतं. तिथून पुढे नियम २०४ जागा होतो: ठराव मंजूर झाला आणि तुम्ही विरोधात मत दिलं होतं, तर तुम्हाला १० गुण. म्हणजे जवळपास तीन फासे एका झटक्यात. ठराव पडला तर मांडणाऱ्याचे १० गुण जातात, हा नियम २०६.

आता सहा जणांचं टेबल डोळ्यासमोर आणा. ठराव मंजूर व्हायला चार मतं हवीत, म्हणजे विरोधाला दोनच जागा. प्रत्येकाला त्या दोघांत असायचंय. तिघांनी 'नाही' म्हटलं की ठराव पडला, मांडणाऱ्याचे १० गेले आणि विरोधकांच्या हातीही काही नाही. ठराव चांगला की वाईट याकडे कोणी बघत नाही, समोरचा हात वर करतोय का याकडे सगळ्यांची नजर. हरलेल्या अल्पमताला भरपाई देणारा हा नियम आहे आणि मला तो फार आवडतो. पण त्यामुळे गुण ठरावाच्या गुणवत्तेवर न मिळता मतदानातल्या चलाखीवर मिळतात, हेही तितकंच खरं. मत देताना सगळ्यांनी एकाच वेळी चिठ्ठी उलटायची, एवढा एक बदल केला तरी बराच फरक पडतो. नाहीतर शेवटी मत देणारा कायम फायद्यात.

पहिली पाळी असणाऱ्याला फायदा मिळतो का?

थोडा. पहिल्या दोन फेऱ्यांत एकमत लागतं, त्यामुळे त्याला मनमानी करता येत नाही. पण शंभरच्या जवळ सगळेच एका ओळीत आले की ज्याची पाळी आधी तो जिंकतो, आणि बाकीच्यांना एक फासा कमी मिळालेला असतो. चालू फेरी पूर्ण करायची आणि मग ज्याचे गुण जास्त तो विजेता, असा ठराव पहिल्याच फेरीत करून टाका. त्याला कोणी विरोध करत नाही.

गुण असताना वेगळं चलन कशाला?

गुण ही शर्यत आहे. ते खर्च केले की शर्यतीत मागे पडता, म्हणून कोणी खर्च करत नाही. चलन असलं की सौदे सुरू होतात, आणि खेळात खरी मजा सौद्यांचीच. आम्ही खऱ्या कवड्या वापरतो. दादरला पूजेच्या साहित्याच्या दुकानात सहज मिळतात आणि हातात खुळखुळतात. आकडा वहीत असला की माणूस तो विसरतो, समोर ढीग असला की शेजाऱ्याची नजर आपोआप तिकडे जाते.

मात्र पहिल्या दोन फेऱ्यांत चलन आणू नका. मतदान कसं चालतं हेच अजून कळलेलं नसताना टांकसाळ उघडली की तीन पाळ्यांत कोणीतरी तिचा मालक होतो.

कवड्या वाढतच चालल्यात, कशालाच किंमत उरली नाही. काय करायचं?

जवळपास प्रत्येक डावात हे होतं. आकड्यांनी सांगतो.

सहा भिडू, प्रत्येकाकडे सुरुवातीला १० कवड्या. पाळीला बँकेकडून ५ मिळतात, ठराव मांडायची फी ३. म्हणजे दर फेरीला ३० आत येतात, १८ बाहेर जातात आणि टेबलावर १२ कवड्यांची भर पडते. दहा फेऱ्यांत साठाच्या १८० होतात. पहिल्या फेरीत तीन कवड्या म्हणजे तुमच्या गाठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता, आता जेमतेम दहावा. फी आहे, पण कोणाला टोचत नाही.

लोक लगेच 'फी ५ करा' असा ठराव आणतात. पुढच्या महिन्यात ७, मग १०. दर वेळी मतदान, दर वेळी भांडण, आणि ज्याच्याकडे ढीग आहे तो फीवाढीला आनंदाने हो म्हणतो, कारण त्याने रिकाम्या खिशाचे भिडूच ठरावाबाहेर जातात.

आम्ही फी आकड्यात लिहिणं सोडलं. फेरीच्या सुरुवातीला टेबलावरच्या सगळ्या कवड्या मोजायच्या, चाळीसने भागायचं, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरायचा. ती त्या फेरीची फी. साठ कवड्या असताना फी २. साठा वाढतो तशी ३, मग ४. सगळ्यांनी दर पाळीला ठराव मांडला तर दहाव्या फेरीअखेर टेबलावर १६२ कवड्या होतात, फी ५ वर जाते, ३० आत येतात, ३० बाहेर जातात आणि आकडा तिथेच ठरतो. कोणाला ठराव आणावा लागत नाही. स्वतःला बदलणाऱ्या खेळात निदान एक गोष्ट मतदानाशिवाय आपसूक बदलू द्यावी.

आमच्याकडे उलटं झालंय. सगळे कवड्या दाबून बसलेत.

वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात आईबापांनी एकमेकांची मुलं सांभाळण्यासाठी एक सहकारी मंडळ काढलं होतं. सांभाळण्याच्या बदल्यात कूपनं मिळायची. कूपनं कमी पडली तसं प्रत्येकाला वाटायला लागलं की अडीअडचणीला शिल्लक असावीत. मग कोणी बाहेर पडेना, आणि कोणी बाहेर पडेना म्हणून कूपनं कमावायची संधीही मिळेना. जास्त कूपनं छापल्यावर गाडी रुळावर आली, आणि पुढे ती इतकी झाली की उलटी पंचाईत. १९७७ साली मंडळाच्याच दोघा सदस्यांनी यावर लेख लिहिला, तो अर्थशास्त्रात आजही सांगितला जातो.

दुसरा इलाज ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाचा. १९३२ साली तिथल्या महापौरांनी अशा नोटा काढल्या ज्यांची किंमत दर महिन्याला एक टक्का घटायची. नोट खरी ठेवायची तर शिक्का विकत घेऊन चिकटवा, नाहीतर खर्च करून टाका. लोकांनी खर्च केल्या. पुढच्या वर्षी देशाच्या मध्यवर्ती बँकेने तो प्रयोग बंद पाडला.

टेबलावर एक टक्का मोजत बसणं वेडेपणाचं आहे. फेरीअखेर वीसच्या वर असलेल्या कवड्यांतली दर पाचाला एक बँकेत, एवढं पुरे. मात्र आधी एक बघा: लोक दाबून बसलेत ते घाबरून, की विकत घेण्यासारखं काही नाही म्हणून? दुसरं असेल तर कर लावून उपयोग नाही, दुकान उघडा. जादा ठराव, फासा पुन्हा टाकण्याचा हक्क, पाळीची अदलाबदल, असं काहीतरी विकायला ठेवा.

कवड्या देऊन जादा मत घेता यावं का?

नाही. या पानावर आग्रहाने सांगण्यासारखं हेच एक.

इतर कुठल्याही खेळात पैसा असला म्हणजे पैशाने मिळतं ते मिळतं. इथे मताने नियम बदलतो आणि नियमाने पैसा कोणाला मिळायचा ते ठरतं. मत विकायला काढलं की श्रीमंताला मत, मताने नियम, नियमाने आणखी पैसा, असं चाक फिरायला लागतं आणि दोन फेऱ्यांत डाव संपतो. गुणांनी संपत नाही, त्याला वेळ लागतो. तोवर बाकीचे नुसते बसून राहतात.

मुंबईकराला हे समजवावं लागू नये. आपल्या हाउसिंग सोसायटीत एका सदस्याला एक मत, फ्लॅट वन रूम किचन असो की थ्री बीएचके. १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात तसं आहेच. सेवाशुल्कही दर फ्लॅटला सारखं, पाणी मात्र नळांप्रमाणे. उलट १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीत खर्चाचा वाटा मालकी हिश्श्याच्या टक्क्याने ठरतो. मोठ्या फ्लॅटवाल्याला पहिला हिशोब आवडतो, छोट्याला दुसरा, आणि दोघंही आपलाच न्याय्य असं शपथेवर सांगतील. सोसायटी तरी टिकते, कारण मोठ्या फ्लॅटला मत मोठं नाही.

हुशार भिडू मग वर्गाच्या हिशोबाने मतं विकायचा प्रस्ताव आणतात: एक मत १ कवडी, दोन मतं ४, तीन मतं ९. कागदावर छान दिसतं, श्रीमंताला पुढचं प्रत्येक मत महाग. पण त्याला तीन मतांसाठी ९ कवड्या मोजायची गरजच काय? तीन दोस्तांना एकेक कवडी दिली की तीन कवड्यांत तीन मतं. सहा जणांच्या टेबलावर हे पहिल्याच फेरीत होतं.

मग 'हो म्हण, दोन कवड्या देतो' हेही चालू नये?

ते चालतं. समोरचा 'नाही' म्हणू शकतो, भाव वाढवून मागू शकतो, कवड्या घेऊन ऐन वेळी पलटूही शकतो. मत त्याचंच राहतं.

पुढे गेलेल्यावर कर लावावा का?

जपून. 'नव्वदच्या वर गेल्यास दहा गुण कापा' असा नियम केलात की सगळे ८९वर येऊन ठाण मांडतात आणि कोणी हलत नाही. पायरीसारखा कर नको, उतारासारखा असावा.

खरं तर मागे पडलेल्याला गुण किंवा कवड्या देण्यापेक्षा खेळी द्यावी. आमच्याकडे शेवटच्या क्रमांकावरच्या भिडूला ठरावाची फी माफ असते, आणि ठराव पडला तरी त्याचे दहा गुण जात नाहीत. तो काहीही मांडू शकतो, त्याला गमावण्यासारखं काही नसतं, आणि त्याचे ठराव सगळ्यात भन्नाट असतात. तीस गुणांनी मागे असलेला माणूस तासभर खुशीत खेळतो. त्याला वीस गुण दान दिले असते तर तो दहाने मागे राहिला असता आणि वर दयेचा धनीही झाला असता.

यात एक पळवाट आहे: मुद्दाम शेवटी राहणं. राहू द्या. शेवटचा राहून शंभरला कोणी पोचत नाही.

उशिरा येणाऱ्याला दंड करावा का?

मुंबईत? रविवारी?

आमच्याकडे हा ठराव झाला होता: तीननंतर येणाऱ्याला ३ कवड्या दंड. मांडणारा दादरचाच, चालत येणारा. पुढच्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, डोंबिवलीचा भिडू पावणेचारला घामाघूम दारात. दंड भरला, आपली पाळी आल्यावर दुरुस्ती आणली: ज्या दिवशी मेगाब्लॉक असेल त्या दिवशी दंड माफ. मंजूर. त्याच्या पुढच्या रविवारी ब्लॉक हार्बरवर, आणि आमचा दादरकर साडेतीनला हात हलवत आला. "मेगाब्लॉक आहे ना आज? नियमात कुठे लिहिलंय माझ्या लाइनवर हवा म्हणून?" पंचाने दंड माफ केला. करावाच लागला, नियम ११६ सांगतो की जे मना नाही ते मुभा.

सगळ्यांना सारखा लावलेला नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. नियम लिहिताना तो टेबलावरच्या प्रत्येकावर चालवून बघा, आणि मांडणाऱ्यावर सगळ्यात आधी. शेवटी आम्ही दंड काढून वेळेवर येणाऱ्याला एक कवडी द्यायला लागलो. पैशाचं गणित जवळपास तेच, पण भांडण थांबलं.

मधेच आलेल्या नव्या भिडूला किती द्यायचं?

लहानपणी गल्लीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून खेळवायचे, तो बाद झाला तरी बाद नाही. पहिली एक फेरी नव्या भिडूला तसंच ठेवा. कवड्या मात्र शेवटच्या भिडूकडे असतील तेवढ्याच द्या. सरासरी दिली तर शेवटचा म्हणतो, मी काय पाप केलं?

आणि हे लिहून ठेवाच: खेळ सोडून पुन्हा आलेल्याला, जाताना होत्या तेवढ्या किंवा नव्याला मिळतात तेवढ्या, यातल्या कमी असतील त्या मिळतील. नियम ११३ प्रत्येकाला खेळ सोडायची मुभा देतो. दिवाळं निघालं की 'सोडला' म्हणायचं आणि पुढच्या मिनिटाला नवा भिडू म्हणून हात पुढे करायचा, हे कोणाला ना कोणाला सुचतंच.

दोघं-तिघं संगनमताने खेळतात. थांबवायचं कसं?

मूळ नियम २१० सांगतो की एका संघातले नसाल तर पुढच्या ठरावांबद्दल आपसात मसलत करायची नाही. ठाण्याचे दोघं एकाच लोकलने येतात. गाडीत ते काय बोलतात हे बघायला कोण जाणार? जो नियम पाळला गेला की नाही हे कळतच नाही, तो प्रामाणिक माणसालाच बांधतो. आम्ही तो रद्द केला. आता सौदे टेबलावर, मोठ्याने, सगळ्यांदेखत. वहीत लिहिलेला सौदा मोडला तर ५ कवड्या दंड, न लिहिलेल्याची जबाबदारी ज्याची त्याची.

एखाद्याला नेमकं पकडून मारणारा ठराव चालतो का?

नाव घेऊन केलेले ठराव आम्ही घेत नाही. 'चष्मा असलेल्या भिडूने दर पाळीला दोन कवड्या द्याव्यात' असं म्हणून तेच साधता येतं म्हणा, आणि टेबलावर चष्मा एकालाच. अशा वेळी पंचाला विचारा. आधी घडलेल्या गोष्टीवर आज दंड लावणं मात्र पक्क्या नियमांतच बसत नाही. १०७ सांगतो की कुठलाही बदल मतदान पूर्ण झाल्यापासून पुढेच लागू. जुना दंड भरलेल्याला आज तेवढ्या कवड्या देता येतात, तो मागचा बदल होत नाही, नवं देणं होतं.

पंच कोण? त्याचाच फायदा असेल तर?

ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा भिडू पंच. त्याचा निवाडा बाकी सगळ्यांनी एकमताने फिरवला तरच फिरतो, आणि नव्या पंचावर जुन्याचे निवाडे बंधनकारक नसतात. गुणांच्या खेळात हे ठीक होतं. चलन आलं की पंचाचं हित जवळजवळ प्रत्येक वादात असतं. आमचा उपाय साधा: निवाड्याने पंचाच्या कवड्या वाढणार असतील तर त्याच्या आधीच्याने बसायचं. सगळ्यांच्याच वाढणार असतील तर मग भांडण कशाचं?

समतोल साधणारे नियम पक्के करून ठेवले तर?

मोह होतो खरा. 'एका भिडूला एक मत' हा मुळात कच्चा नियम आहे, २०७. तो आम्ही पक्का केला, तेवढा एकच. बाकी सगळं कच्चं असू द्या. फीचं सूत्र पक्कं केलंत आणि भिडू सहाचे चार झाले तर ते चुकीच्या आकड्यावर अडकतं, आणि सोडवायला एकमत लागतं, जे ज्याचं फावतंय तो कधीच देणार नाही.

आपल्याकडे २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्या बाजूने लढले होते मुंबईचे नानी पालखीवाला, ज्यांची बजेटवरची भाषणं ऐकायला पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. नॉमिकमध्ये अशी अभेद्य चौकट नाही. ११५ उघड सांगतो की नियम बदलण्याचे नियमसुद्धा बदलता येतात. सगळ्यांनी एकमताने 'आता मत कवडीला' असं ठरवलं तर ठरलं. मी त्या दिवशी चहा करायला उठेन.

हिशोब कोणी ठेवायचा?

जो त्या वेळी शेवटच्या क्रमांकावर आहे त्याने. तो बारीक नजर ठेवतो. भिडूंच्या हातातल्या आणि बँकेतल्या कवड्यांची बेरीज दर फेरीला पहिल्या आकड्याइतकी भरली पाहिजे. नाही भरली तर आधी सोफ्याखाली बघा. अपूर्णांकाचा नियम आधीच लिहा: घेताना वरचा आकडा, देताना खालचा, उरलेलं बँकेचं.

नियमांचा गुंता होऊन खेळच अडकला तर?

२१३ आहे. पुढे खेळणं अशक्य झालं, किंवा एखादी चाल कायदेशीर आणि बेकायदेशीर दोन्ही सारखीच वाटायला लागली, तर पाळी पूर्ण करू न शकणारा पहिला भिडू जिंकतो. काही जण मुद्दाम याच मागे लागतात. त्याला रडीचा डाव म्हणू नका, फार डोकं लागतं.

डाव संपल्यावर कवड्यांचं काय?

सगळ्या बरणीत परत. गुण शून्य. नियम मात्र आम्ही पुसत नाही, पुढच्या रविवारी त्याच वहीवरून सुरुवात होते. त्यामुळे विजेत्याने स्वतःसाठी करून घेतलेले नियमही वहीत राहतात. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येकाला फी न भरता एक जुना नियम रद्द करायचा ठराव मांडता येतो, आणि सुरुवात मागच्या वेळी शेवटचा आलेल्यापासून.